पतीच्या करथकबाकीत पत्नीची जबाबदारी किती? पांढुर्णा-सौंसरचा नियम आणि गोव्याचा नियम

पतीच्या नावाने प्राप्तिकर खात्याची मागणी निघाली, तर ती रक्कम पत्नीकडून वसूल करता येते काय? या प्रश्नाला गोव्यात एक उत्तर मिळते, तर मध्य प्रदेशातील पांढुर्णा व सौंसर येथील मराठी कुटुंबाला दुसरे. प्राप्तिकराचा कायदा साऱ्या देशाला एकच आहे. फरक पडतो तो पती-पत्नींच्या मालमत्तेविषयीच्या कायद्यामुळे. विवाहानंतर मालमत्ता दोघांची समाईक होते, ही कल्पना गोमंतकीयांच्या अंगवळणी पडली आहे. त्यामुळे देशात इतरत्रही तसेच असावे, असा समज सहज होतो. नात्यागोत्यामुळे, नोकरीमुळे किंवा जमिनीच्या व्यवहारामुळे राज्याबाहेर संबंध येतो, तेव्हा हा समज महागात पडू शकतो. म्हणून या दोन्ही नियमांची ओळख करून घेणे उपयुक्त ठरेल.

पांढुर्णा हे नागपूर-बैतूल मार्गावरील आणि सौंसर हे नागपूर-छिंदवाडा मार्गावरील गाव. दोन्ही संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हा मराठी भाषक पट्टा मध्य प्रदेशात राहिला. पुढे २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. घरात मराठी आणि सरकारदरबारी हिंदी, अशी येथील स्थिती आहे. कागदावरील ‘मांग सूचना’ म्हणजे कराची मागणी, ‘बकाया’ म्हणजे थकबाकी आणि ‘कुर्की’ म्हणजे जप्ती, हे ठाऊक नसल्यामुळे मुदत निघून गेली, तर हक्कच हातचा जातो.

मूळ नियम : ज्याचे उत्पन्न, त्याचा कर

भारतात पती-पत्नींना एकत्र विवरणपत्र भरता येत नाही. प्रत्येकाचा पॅन वेगळा, उत्पन्न वेगळे आणि कराचे दायित्वही वेगळे. तेव्हा पांढुर्ण्यातील एखाद्या व्यापाऱ्याने कर बुडवला, तर केवळ त्याची पत्नी आहे म्हणून त्या स्त्रीवर ते देणे येत नाही. माहेरहून मिळालेले दागिने, स्वतःच्या कमाईची ठेव, वडिलांकडून वारशाने आलेली जमीन, यांवर पतीच्या थकबाकीसाठी हात घालता येत नाही. स्त्रीधनावर पत्नीची पूर्ण मालकी असते आणि विवाहामुळे ते समाईक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच स्पष्ट केले आहे.

प्रत्यक्ष पतीच्या मालमत्तेची जप्ती झाली, तरी तिलाही मर्यादा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेने जप्तीतून वगळलेल्या वस्तू करवसुलीतही वगळल्या जातात. कुटुंबाचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावरून उतरवता न येणारे अलंकार यांत मोडतात. मंगळसूत्र हे त्याचे ठळक उदाहरण.

मग पत्नी अडकते कोठे?

शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे, त्यामुळे बाग पिकवणाऱ्या शेतकऱ्याला हा प्रश्न क्वचितच भेडसावतो. झाडावरचा माल विकत घेऊन पुढे पाठवणाऱ्या व्यापाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याचा नफा हे व्यापाराचे उत्पन्न ठरते. अशा घरांतून, तसेच दुकानदार व कंत्राटदारांच्या घरांतून पत्नी पुढील चार वाटांनी पतीच्या कराशी जोडली जाते. (येथे प्राप्तिकर अधिनियम, १९६१ मधील कलमांचे क्रमांक दिले आहेत. २०२५ च्या नव्या अधिनियमात क्रमांक बदलले आहेत. जुन्या वर्षांच्या कर-आकारणीला मात्र जुनीच कलमे लागू राहतात.)

पहिली वाट आहे पत्नीच्या नावावर घेतलेल्या मालमत्तेची. पतीने पुरेसा मोबदला न घेता पत्नीला दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न कलम ६४ नुसार पतीच्याच उत्पन्नात मिळवले जाते. समजा, सौंसरच्या बाजारातील दुकान पतीच्या पैशाने पत्नीच्या नावावर घेतले व ते भाड्याने दिले. भाडे पतीच्या उत्पन्नात धरले जाईल. परंतु कलम ६५ नुसार त्या भाड्यापुरता कर भरण्याची मागणी थेट पत्नीवर बजावता येते. तीच मालमत्ता एकाहून अधिक व्यक्तींच्या संयुक्त नावावर असेल, तर ते सारे त्या करास संयुक्तपणे व स्वतंत्रपणे जबाबदार असतात, म्हणजे खाते त्यांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकते. तरीही पत्नीची जबाबदारी त्या मालमत्तेच्या उत्पन्नावरील करापुरतीच असते. पतीची सगळी थकबाकी तिच्या माथी मारता येत नाही.

दुसरी वाट जप्तीची. १ जून १९७३ नंतर पतीने पुरेशा मोबदल्याविना पत्नीकडे हस्तांतरित केलेली मालमत्ता कलम २२२ नुसार वसुलीसाठी पतीचीच समजली जाते. थकबाकी दिसू लागताच जमीन पत्नीच्या नावे करून देण्याची पळवाट येथे बंद होते. अशी मालमत्ता पत्नीच्या नावावर असल्याचे मध्य प्रदेशातील खसऱ्यात दिसले, म्हणून ती सुटत नाही. पैसा कोणाचा होता, हे पाहिले जाते.

तिसरी वाट संयुक्त बँक खात्याची. खाते गोठवले, तर कलम २२६ नुसार खातेदारांचे हिस्से समान आहेत असे गृहीत धरले जाते. मात्र हे गृहीतक पुराव्याने खोडता येते. खात्यात जमा झालेली रक्कम पत्नीच्या पगाराची किंवा तिच्या माहेरच्या जमिनीच्या विक्रीची असेल, तर ते पासबुकासह दाखवून तिला आपला खरा हिस्सा सोडवून घेता येतो.

चौथी वाट सर्वांत धोक्याची, कारण तीत पत्नीची स्वतःची सही असते. ती म्हणजे भागीदारी संस्था. दुकान पती-पत्नींच्या भागीदारीत असेल, तर संस्थेच्या प्राप्तिकराला कलम १८८-अ नुसार आणि वस्तू व सेवा कराला त्या कायद्याच्या कलम ९० नुसार दोघेही संयुक्तपणे व स्वतंत्रपणे जबाबदार असतात. ‘मी फक्त नावापुरती भागीदार होते’ हा बचाव येथे टिकत नाही. वेगळे राहू लागलेल्या पत्नीने भागीदारीतून निवृत्त होताच एका महिन्याच्या आत वस्तू व सेवा कर आयुक्तांना लेखी कळवणे म्हणूनच अत्यावश्यक आहे. न कळवल्यास, कळवल्याच्या तारखेपर्यंतची जबाबदारी तिच्यावर राहते.

पतीच्या मृत्यूनंतर

सर्वाधिक घबराट उडते ती कर्त्या पुरुषाच्या निधनानंतर आलेल्या नोटिशीने. कलम १५९ नुसार वारस हा मृताच्या वतीने करदाता ठरतो हे खरे. परंतु त्याची जबाबदारी मृताने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून जेवढे भागेल तेवढ्यापुरतीच असते. मागणी दहा लाखांची आणि मागे राहिलेली मालमत्ता तीन लाखांची असेल, तर विधवेने आपल्या पगारातून उरलेले सात लाख भरावेत, असे कायदा सांगत नाही. मात्र कर बाकी असताना तिने वारशाची मालमत्ता विकून टाकली किंवा दुसऱ्याच्या नावे केली, तर त्या मालमत्तेच्या किमतीइतकी जबाबदारी तिच्यावर वैयक्तिकरीत्या येते. म्हणून नोटीस हाती असताना घाईने वाटण्या करू नयेत.

दिलासा कोठे व किती दिवसांत मागावा?

मागणीची नोटीस बजावल्यापासून ३० दिवसांत रक्कम भरायची असते. त्यानंतर दरमहा एक टक्का व्याज सुरू होते. अपिलाची मुदतही ३० दिवसांचीच आहे. हे दिवस पुढील क्रमाने वापरावेत.

प्रथम चूक शोधावी. कापलेला कर जमा न दिसणे, एकच उत्पन्न दोनदा धरणे, अशा उघड चुका कलम १५४ खाली दुरुस्त होतात. ज्या आर्थिक वर्षात आदेश निघाला, ते संपल्यापासून चार वर्षांपर्यंत हा मार्ग खुला असतो. आदेशच मान्य नसेल, तर अपील करावे. अपिलाची वाट न धरल्यास कलम २६४ खाली एका वर्षात आयुक्तांकडे पुनरीक्षणाचा अर्ज करता येतो.

केवळ अपील दाखल केल्याने वसुली थांबत नाही. स्थगितीसाठी वेगळा अर्ज लागतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या २०१७ च्या सूचनेनुसार साधारणतः वादग्रस्त रकमेच्या २० टक्के भरल्यास स्थगिती मिळते. योग्य प्रकरणात त्याहून कमी रकमेवरही स्थगिती देता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे. कर मान्य असूनही एकरकमी भरणे शक्य नसेल, तर ३० दिवसांची मुदत संपण्यापूर्वीच हप्त्यांसाठी अर्ज करावा.

व्याजमाफी ही वेगळी गोष्ट आहे. कलम २२०(२-अ) खाली तीन अटी एकत्र पूर्ण कराव्या लागतात : व्याज भरल्याने खरोखरची हलाखी होते, थकबाकी आपल्या हाताबाहेरच्या कारणाने राहिली आणि चौकशीत व वसुलीत आपण सहकार्य केले. पतीचे दीर्घ आजारपण, गारपिटीने गेलेला हंगाम, घर सोडून गेलेल्या पतीने दडवलेले कागद, ही कारणे येथे मांडता येतात. मात्र प्रत्येकाला कागदाचा आधार हवा. ही सवलत व्याजापुरती आहे, मूळ करासाठी नव्हे. ५० लाख रुपयांपर्यंतच्या व्याजाचा निर्णय आयुक्त स्तरावर होतो, असे मंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठरवून दिले आहे.

पत्नीच्या स्वतःच्या मालमत्तेवर जप्ती आली असेल, तर करवसुली अधिकाऱ्यापुढे हरकत घ्यावी. अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीतील नियम ११ नुसार त्याने तिची चौकशी करणे बंधनकारक आहे. जमिनीच्या बाबतीत, थकबाकी भरण्याची वसुली नोटीस बजावली त्या दिवशी तीत आपला हक्क वा ताबा होता, हे पत्नीने सिद्ध करायचे असते. हरकत विनाकारण लांबवल्यास ती ऐकली जात नाही. निर्णय विरोधात गेल्यास दिवाणी दावा लावता येतो.

विभक्त झालेल्या जोडप्यांनी एक लक्षात ठेवावे. ‘सर्व कर पती भरेल’ असे घटस्फोटाच्या करारात लिहिले असले, तरी ते कर खात्यावर बंधनकारक नसते. त्या वाक्याचा उपयोग पतीकडून पैसे परत मागण्यापुरता होतो.

गोव्यात चित्र कसे बदलते?

गोव्यात समाईक मालमत्तेची पोर्तुगीज पद्धत लागू असलेल्या जोडप्यांसाठी प्राप्तिकर अधिनियमात कलम ५-अ आहे. ते १९९४ च्या वित्त अधिनियमाने घातले व १ एप्रिल १९६३ पासून लागू मानले. त्यानुसार पगार ज्याने कमावला त्याच्याच नावे राहतो. धंदा, घरभाडे, भांडवली नफा इत्यादी इतर उत्पन्न मात्र निम्मे-निम्मे होऊन दोघांच्या विवरणपत्रांत जाते. म्हणजे म्हापशातील दुकानाचा हिशेब पतीने चुकवला, तर वाढीव उत्पन्नाचा अर्धा भाग पत्नीच्या पॅनवर येतो आणि मागणीही तिच्याच नावाने निघते. पांढुर्ण्यातील पत्नी ‘हे उत्पन्न माझे नाही’ असे सांगू शकते. गोव्यातील पत्नीचे निम्मे उत्पन्न कायद्यानेच तिचे असते. तिने स्वतःचे अपील स्वतःच्या मुदतीत दाखल करायला हवे. पतीच्या अपिलाने तिचे काम भागत नाही. म्हणूनच धंद्यात लक्ष नसले, तरी हिशेबाची प्रत दरवर्षी मागून घेणे हे गोमंतकीय पत्नीचे खरे संरक्षण आहे.

नोकरीनिमित्त गोव्यात राहायला आलेल्या पांढुर्ण्याच्या जोडप्याला ही पद्धत केवळ वास्तव्यामुळे लागू होत नाही. दुसरीकडे, गोमंतकीयाची सौंसरला जमीन असेल, तर तिचा वारसा गोव्याच्या नागरी कायद्यानेच ठरतो, कारण हा कायदा गोमंतकीयांच्या भारतात कोठेही असलेल्या मालमत्तेला लागू आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये दिला आहे.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांपुढे तिसरीच स्थिती असते. तेथे पती-पत्नी बहुधा संयुक्त विवरणपत्र भरतात आणि त्यावर सही करताच पूर्ण कराला दोघेही जबाबदार होतात. म्हणूनच तेथील कायद्यात १९९८ पासून ‘निर्दोष जोडीदारा’साठी सवलतीची विस्तृत तरतूद आहे : जोडीदाराने उत्पन्न दडवले हे मला ठाऊक नव्हते व ठाऊक असण्याचे कारणही नव्हते, असे सिद्ध करणाऱ्यास त्या भागातून मुक्त करता येते. भारतात संयुक्त विवरणपत्रच नसल्याने अशी सवलत नाही. पती-पत्नींना ऐच्छिक संयुक्त विवरणपत्राची मुभा द्यावी, अशी सूचना अलीकडे पुढे आली आहे. करात बचत होईल म्हणून तिचे स्वागत होते. पण ती स्वीकारली गेली, तर निर्दोष जोडीदाराच्या संरक्षणाची तरतूदही त्याच विधेयकात असली पाहिजे.

तोवर नोटीस हाती आल्यावर प्रथम तीन गोष्टी पाहाव्यात : पॅन कोणाचा आहे, उत्पन्न कोणत्या मालमत्तेचे वा धंद्याचे आहे आणि ३० दिवस कधी संपतात. मालमत्ता कोणाच्या पैशाने घेतली, याचे जुने कागद त्याच दिवशी बाहेर काढून सनदी लेखापालाला किंवा वकिलाला दाखवावेत. माफीचा अर्ज लिहिण्याआधी हे देणे आपले आहे काय आणि किती, हे ठरले पाहिजे. अनेकदा दिलासा तेथेच मिळतो.