दुःखकाळीं गीतांचा आधार

मनुष्यावर विपत्ति आली म्हणजे त्याला उपदेश नकोसा होतो, परंतु गाणें चालतें. समाचारास आलेल्या आप्तेष्टांचे चार शब्द ज्याला टोचतात, तोच मनुष्य सायंकाळीं एकटा बसून एखादें जुनें पद गुणगुणत असतो. हें असें कां व्हावें? आणि त्या पदांत त्याला जो अर्थ सांपडतो, तो कवीचा कीं त्याचा स्वतःचा? विषय नेहमींचाच आहे. तथापि त्याचा थोडा विचार प्रत्येक घरानें करून ठेवावा, असें आम्हांस वाटतें.

आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं हा प्रश्न फार पूर्वींच हाताळिला आहे. अकराव्या शतकांतील काश्मिरी पंडित मम्मट ह्यानें 'काव्यप्रकाशा'च्या पांचव्या उल्लासांत एक साधें उदाहरण घेतलें आहे. सूर्य अस्तास गेला, एवढीच वार्ता. परंतु ती ऐकून एकाला शत्रूवर चाल करून जाण्याची वेळ झाली असें वाटतें, दुसऱ्याला हातांतलें काम थांबवावेंसें वाटतें, गुराख्यास गुरें घरीं वळविण्याची आठवण होते आणि आन्हिक करणाऱ्यास संध्यावंदनाची. वाच्यार्थ सर्वांना एकच. व्यंग्यार्थ मात्र वक्ता, श्रोता आणि प्रसंग ह्यांप्रमाणें निरनिराळा. साध्या वाक्याची ही कथा, तर मग पिढ्यान् पिढ्या लोकांच्या कंठांत राहिलेल्या गीताची काय सांगावी!

ह्याची साक्ष ग्रंथांबाहेरही विपुल आहे. हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ ह्यांच्या प्रयत्नानें महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांत सीतेच्या वनवासाच्या ओव्या पुष्कळ आहेत. पहांटे दळणारी बाई सीतेचें दुःख गाई, तेव्हां तिच्या डोळ्यांपुढें वाल्मीकींची अयोध्या क्वचितच असे. सासरीं एकटी पडलेली ती स्वतः असे. आपलें गाऱ्हाणें उघड बोलण्याची सोय नव्हती. सीतेचें गाण्यास कोणाची हरकत नव्हती. सावरकरांच्या गीताचेंही तसेंच. १९०९ सालीं ब्रायटनच्या किनाऱ्यावर त्यांनीं समुद्राला उद्देशून जें गीत रचिलें, त्यामागें एका क्रांतिकारकाची मातृभूमीपासून झालेली ताटातूट होती. आज परदेशीं नोकरीस गेलेला तरुण तें ऐकतो, तेव्हां त्याला आठवते ती घरीं थकलेली आई. त्याच्यावर राजकीय संकट कांहीं नाहीं. तरी त्याचे अश्रु खोटे म्हणतां येत नाहींत.

आमच्या कुटुंबांतलें एक उदाहरण सांगतों. झाडाझुडपांत आणि रानांतल्या जिवांत आपलें गणगोत पाहणारा तुकोबांचा अभंग सर्वश्रुत आहे. २०२१ च्या एप्रिल महिन्यांत, साथीच्या दुसऱ्या लाटेंत, आमचे चुलतबंधु इस्पितळांत वारले. देह घरीं आणतां आला नाहीं. वहिनींनाही त्याच रोगाची बाधा झालेली. म्हणून माडीवरच्या खोलींत त्या चौदा दिवस एकट्या. घरांत लहानमोठीं अकरा माणसें, परंतु एकालाही जवळ जाऊन त्यांच्या पाठीवरून हात फिरवितां येईना. दारापाशीं ठेविलेलें ताट पहिले दोन दिवस तसेंच राहिलें. तिसऱ्या दिवशीं सायंकाळीं आंतून तो अभंग ऐकूं आला. खिडकीबाहेर शेवग्याचें झाड आहे; त्यावर बुलबुलाची जोडी येत असे.

आमचा पुतण्या संस्कृत घेऊन एम्. ए. झालेला. तो जिन्यांत आम्हांस म्हणाला, "काका, काकूंना बरें वाटत असेल तर गाऊं देत. पण हा अभंग विरक्ताचा आहे. तुकोबांनीं एकांत आपण होऊन पत्करला होता. हा तर लादलेला."

त्याचे शब्द आंत ऐकूं गेले असावेत. दाराआडून वहिनी म्हणाल्या, "अरे, त्यांनीं एकांत मागून घेतला, माझ्या तो पदरांत पडला. पण झाड तें झाडच ना?"

पुतण्याचा आक्षेप अगदींच गैरलागू नव्हता. परंतु वहिनींनीं अभंगाचा अर्थ मोडला नाहीं. त्यांतली जी जागा त्यांच्या प्रसंगास जुळली, तेथें त्या टेकल्या. शिवाय १६३० च्या सुमारास दख्खनेंत जो भीषण दुष्काळ पडला, त्यांत तुकोबांची प्रथम पत्नी गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. देहूजवळच्या डोंगरावरचा त्यांचा एकांत त्यानंतरचा आहे. हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या दोन एकांतांतलें अंतर पुतण्यास वाटलें तितकें राहत नाहीं. गाण्यानें दुःख हरलें असें आम्ही म्हणत नाहीं. त्या रात्रीं ताटांतला अर्धा भात संपला होता, एवढेंच सांगतों.

मात्र येथें कांहीं विवेक पाळावयास हवा. पहिली गोष्ट, आपला अर्थ दुसऱ्याच्या दुःखावर लादूं नये. १९५५-५६ सालीं पुणें आकाशवाणीवरून गाजलेल्या 'गीतरामायणा'ंत श्रीराम भरताची समजूत घालतात, तें गीत कित्येक घरीं सुतकांतच लावण्यांत येतें. सत्तरी गांठलेल्यास त्यांतून शांति मिळेल; परंतु नुकताच बाप गमावलेल्या विशीच्या मुलास त्यांत 'रडूं नकोस' असा हुकूम ऐकूं येण्याचा संभव आहे. अयोध्याकांड उघडून पाहावें. पित्याच्या मरणाची वार्ता ऐकून राम स्वतः मूर्च्छित पडला, विलाप केला, नदीवर जाऊन इंगुदीच्या पेंडीचे पिंड दिले. भरतास उपदेश त्यानंतरचा. आधीं रडण्यास अवसर, मग गीत, हा क्रम आदिकवीचाच आहे.

दुसरी गोष्ट, गीताचे शब्द व कवीचा प्रसंग नीट समजून घ्यावा. त्यानें आपला अर्थ पुसला जात नाहीं. वर पाहिल्याप्रमाणें तो अधिक दृढ होतो. आणि तिसरी, कोणी कित्येक आठवडे झोपत नसेल, अन्न घेत नसेल, तर गाण्यावर भिस्त ठेवून बसूं नये, वैद्यास दाखवावें.

संकट आल्यावर कोणी गाणें पाठ करावयास बसत नाहीं. त्या वेळीं ओठांवर येतें तें पूर्वीं कधीं तरी कंठांत सांठविलेलेंच. आमच्या वहिनींना तो अभंग त्यांच्या आजीनें फुलें निवडतांना शिकविला होता. तो पुढें कशास उपयोगीं पडेल ह्याची दोघींनाही कल्पना नव्हती. हल्लीं गाणीं यंत्रावर हवीं तेव्हां ऐकतां येतात, म्हणून पाठ करण्याची चाल घरोघर मागें पडली आहे. दिवेलागणीस मुलांना जवळ बसवून महिन्यास एक पद, अर्थ सांगून, पाठ करून घ्यावें. त्याचा अर्थ पुढें कोणत्या प्रसंगीं काय लावावयाचा, हें तीं मुलें आपापलें पाहून घेतील.