काडी कुठे कापायची, हे यंत्राला कोण शिकवणार?

मे 2019 मध्ये इटलीतल्या जेनोवा विमानतळावर ‘हायक्यूरियल’ नावाच्या चार पायांच्या रोबोटनं तीन टनांहून जड विमान ओढून दाखवलं. तो व्हिडिओ जगभर फिरला. त्यानंतरची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. इटालियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या त्याच चमूनं पियाचेंझाच्या द्राक्षतज्ज्ञांना सोबत घेतलं, या रोबोटच्या पाठीवर एक यांत्रिक हात बसवला आणि त्याला द्राक्षबागेत उतरवलं. काम होतं हिवाळी छाटणीचं. ताकदीची अडचण नव्हतीच. अडचण होती ती पेन्सिलीएवढ्या काडीची.

छाटणी म्हटलं की बाहेरच्याला कात्री दिसते. बागेत कात्री शेवटी चालते, आधी नजर चालते. गेल्या हंगामातली काडी कोणती, सावलीत वाढून कच्ची राहिलेली कोणती, ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, जागा कुठे रिकामी पडलीय, पुढच्या वर्षासाठी काय राखायचं, हे सगळं मुरलेला छाटणीवाला वेलीपुढे उभा राहता राहता ठरवून टाकतो. संशोधकांची वर्षं गेली ती इथेच.

न्यूझीलंडच्या कॅन्टरबरी विद्यापीठातल्या मंडळींना तर आधी उन्हाशीच झगडावं लागलं. मागे लखलखीत आभाळ, पुढे सावल्यांची जाळी. कॅमेऱ्याला काडी कुठली आणि सावली कुठली ते कळेना. मग त्यांनी वेलींची अख्खी ओळ पोटात घेऊन चालणारा, चारी बाजूंनी झाकलेला गाडाच बांधला. आत ऊन नाही, स्वतःचे दिवे, मागे निळी पाटी आणि तीन कॅमेरे. पडद्यामागचं हे काम खरोखरच पडद्याच्या आत चाललं होतं. या गाड्यानं 96 मीटर लांबीच्या ओळीतल्या 59 वेलींचा त्रिमितीय नकाशा तयार केला आणि त्यातली चूक एक टक्क्याच्या आत राहिली. कोणती काडी ठेवायची, हे संगणकाला द्राक्षतज्ज्ञांच्या निर्णयांवरून शिकवावं लागलं.

कापायला कॅन्टरबरीच्या चमूनं कात्री घेतली नाही, हे मला फार आवडलं. कात्रीची दोन पाती काडीच्या दोन्ही बाजूंना नेमकी बसायला हवीत. त्यांनी सुतारकामाच्या राउटरला असतं तसं वेगानं फिरणारं पातं हाताच्या टोकाला लावलं. ते काडीतून नुसतं ओढलं की काम झालं. वेलीमागे सरासरी 8.4 काड्या कापायच्या, वेळ दोन मिनिटं. माणसालाही साधारण तेवढाच लागतो. 2017 मध्ये हे सगळं प्रसिद्ध झालं. पण तारांत अडकलेल्या कापलेल्या काड्या ओढून काढणं आणि राखलेल्या काड्या तारेला बांधणं ही कामं माणसांकडेच राहिली.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात चेरीच्या बाबतीत उलटं घडलं. तिथे रोबोटच्या आधी झाड बदललं होतं. मॅथ्यू व्हायटिंग यांनी विकसित केलेल्या पद्धतीत रोप तिरकं लावून खोड तारेवर आडवं नेतात आणि त्यावरून सरळ उभे फुटवे वाढवतात. झाड भिंतीसारखं चपटं होतं. अशा बागेत ओरेगन आणि वॉशिंग्टनच्या संशोधकांनी आपला छाटणीयंत्रमानव उतरवला, तोही उघड्या उन्हात, झाकणाशिवाय. फांदी धक्क्यानं हलते आणि कॅमेरा अगदी जवळ गेला की अंतराचा अंदाज फसतो. म्हणून शेवटचे काही सेंटिमीटर त्यांनी स्पर्शावर सोपवले. फांदी कात्रीला टेकली की मनगटातल्या संवेदकाला दाब कळतो आणि हात स्वतःला सरळ करून घेतो. 2022 मध्ये त्यांनी निकाल मांडला तो असा: कापण्यात यश 58 टक्के. आकडा झाकून ठेवला नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. त्याच सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘बंबलबी’ या छाटणी रोबोटनं द्राक्षात 87 टक्के अचूकता गाठली, पण एका वेलीला 213 सेकंद घेतले.

आता आपल्याकडे या. वर सांगितलेली सगळी यंत्रं थंडीत झोपलेल्या, पानं झडलेल्या झाडांसाठी आहेत. नाशिकची वेल झोपत नाही. एप्रिलला काड्या घडवण्यासाठी खरड छाटणी, ऑक्टोबरला फळासाठी गोडी छाटणी. गोडीच्या आधी फवारणी करून पानगळ घडवावी लागते. काड्या प्रयोगशाळेत नेऊन कितव्या डोळ्यात घड आहे ते तपासून आणायचं आणि मग सबकेनची, म्हणजे शेंडा खुडल्यावर फुटलेल्या उपकाडीची, गाठ पाहून काप घ्यायचा. सुरगाणा, पेठकडून येणाऱ्या छाटणी मजुरांच्या टोळ्यांच्या बोटांत हे ज्ञान मुरलेलं आहे. शिवाय मंडपावरच्या बागेत यंत्राला वर पाहावं लागेल, म्हणजे न्यूझीलंडनं ज्याच्यासाठी गाडा झाकला ते आभाळ पुन्हा कॅमेऱ्यासमोर येणार. तिथलं यंत्र उचलून निफाडला आणलं आणि चाललं, असं होणार नाही.

तरी एका कामासाठी ते लवकर यावं, असं मला मनापासून वाटतं. गोडी छाटणी झाली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीच्या टोकाकडच्या डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाइड लावतात. हे रसायन कातडीला इजा करतं, आणि पुष्कळ ठिकाणी ते लावणाऱ्याच्या हातात धड मोजेही नसतात. काप कुठे घ्यायचा, हा निर्णय टोळीकडेच राहू द्या. घेतलेला काप शोधून त्याखालच्या दोन डोळ्यांना औषध टेकवणं, एवढंच यंत्राला शिकवायचं आहे. आपल्या कृषी विद्यापीठांनी सुरुवात इथून करावी.