कारवानी की जर्मन शेफर्ड? वस्तीसाठी कुत्रा निवडताना

कुरुळी, निघोजे, महाळुंगे या चाकण परिसरातील गावांत शिवारफेरीला गेले, की कांद्याच्या खताचे प्रश्न संपता संपता एक प्रश्न हमखास येतो : राखणीला कुत्रा कोणता घ्यावा? कृषिविद्येच्या पुस्तकात याचे उत्तर नाही. तरीही विहिरीवरची मोटार, केबल आणि ठिबकच्या नळ्या सांभाळणे हा शेतीचाच भाग झाला असल्याने हा विषय टाळून चालत नाही.

या भागात मुख्यतः दोन जातींचा विचार होतो. कारवानी ही आपल्याकडची दख्खनची जात. शेजारच्या कर्नाटकात तिलाच मुधोळ म्हणतात. अंग सडपातळ, छाती खोल, पोट आत गेलेले, केस आखूड. नराची उंची साधारण ६८ ते ७४ सेंटिमीटर असते. ही जात नजरेने सावज हेरून पळून पकडणारी आहे. जर्मन शेफर्ड, ज्याला आपल्याकडे अजूनही अल्सेशियन म्हणतात, ही १८९९ पासून जर्मनीत मेंढ्या राखण्यासाठी निवडीने घडविलेली जात. नर ६० ते ६५ सेंटिमीटर उंच आणि ३० ते ४० किलो वजनाचा असतो. म्हणजे एक धावण्यासाठी तयार झाली, तर दुसरी माणसाच्या हुकमात कळप सांभाळण्यासाठी. दोहोंच्या स्वभावातील बहुतेक फरक येथूनच निघतो.

आपली जमीन सलग असेल, कुंपण असेल आणि कुत्र्याला रोज मोकळे पळता येत असेल, तर कारवानी चांगला. ऊन तो बऱ्यापैकी सोसतो. मात्र त्याची कातडी पातळ असल्याने पौष-माघातील रात्री खाली गोणपाट व वर आडोसा द्यावा. जे पळेल त्यामागे तो धावतो, हा त्याचा गुण आणि दोषही. कोंबड्या, करडे, मांजर असलेल्या घरात पिल्लू असल्यापासून सवय लावली नाही, तर नुकसान ठरलेले. पुणे-नाशिक महामार्गालगतच्या वस्तीवर तो मोकळा सोडूच नये. समोर मांजर दिसले, की त्याला ट्रक दिसत नाही. सशामागे त्याला सोडण्याची हौस काहींना असते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा आहे.

जर्मन शेफर्ड शिकतो लवकर, पण त्याला शिकविणारा माणूस घरात हवा. पतिपत्नी दोघेही कंपनीत पाळीला जाणारे आणि कुत्रा दिवसभर साखळीला, अशा घरात तो चिडका होतो आणि एक दिवस चावतो. त्याच्या अंगावर केसांचा दुहेरी थर असतो. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोपटात त्याला बांधणे म्हणजे भट्टीत ठेवणे होय. या जातीत खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष आढळतो. म्हणून पिल्लू घेताना आई-बाप दोघांनाही चालताना पाहावे व शक्य असल्यास त्यांच्या खुब्याचे एक्स-रे मागावेत. विकणारा आई-बाप दाखवीत नसेल, तर परत फिरावे.

आपल्या भागाची आणखी एक अडचण आहे. जमीन गेल्यावर अनेकांनी कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्या. दुसरी पाळी संपवून मध्यरात्री दहा अनोळखी माणसे अंगणातून जाणार असतील, तर परक्याशी फटकून वागणारा कारवानी तेथे शोभत नाही आणि न शिकविलेला शेफर्ड तर धोकाच. माझे स्पष्ट मत असे, की अशा वाड्यात चांगले दिवे व पक्के फाटक करावे आणि कुत्रा हवाच असेल तर तो घरच्यांच्या सोबतीसाठी ठेवावा. निष्काळजीपणाने पाळलेला प्राणी कोणाला चावल्यास कायद्याने मालक जबाबदार धरला जातो. मोशी, चऱ्होली, चिखलीसारखी गावे १९९७ पासून पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहेत. तेथे कुत्र्याचा परवानाही काढावा लागतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कुत्रा असला म्हणजे बिबट्या येत नाही, ही समजूत उलटी आहे. खेड तालुका जुन्नर वनविभागात येतो आणि उसात बिबट्याचा वावर आहे. अकोले तालुक्यात झालेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्यात, वजनाच्या हिशेबाने, पाळीव कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के आढळला; शेळ्यांचा फक्त ११ टक्के, आणि तोही शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त असताना. ओट्याला साखळीने बांधलेला कुत्रा, मग तो कारवानी असो वा शेफर्ड, बिबट्याला दारात बोलावतो, आणि त्याच दाराशी आपली मुले असतात. म्हणून रात्री कुत्रा वरूनही बंद असलेल्या जाळीच्या खोलीत किंवा घरातच ठेवावा. तो आतून भुंकला तरी राखण होतेच. हे जमणार नसेल, तर उसाच्या कडेला असलेल्या वस्तीवर कुत्रा घेण्याचा विचार लांबणीवर टाकावा.

खाण्याबाबत थोडे. वाढत्या पिल्लाच्या कोरड्या आहारात प्रथिने सुमारे २२ टक्के लागतात. बाजरीत ती ११-१२ टक्केच असतात. तेव्हा नुसत्या भाकरी-ताकावर पिल्लू वाढत नाही. अंडी, शिजवलेले मांस किंवा दही द्यावे. चाकण ही कांद्याची पेठ, त्यामुळे घरातील प्रत्येक भाजीत कांदा असतो. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेल्यास त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटू लागतात. शिजवल्याने हा दोष जात नाही. उरलेला रस्सा म्हणूनच देऊ नये. कत्तल केलेल्या शेळीची कच्ची आतडी, यकृत, फुप्फुसेही कुत्र्यापुढे टाकू नयेत. त्यातील फीतकृमींची अंडी पुढे कुत्र्याच्या विष्ठेतून माणसाच्या पोटात जाऊन यकृतात पाण्याच्या गाठी होतात.

पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर व पार्व्होची लस आणि तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस पशुवैद्यकाकडून टोचून घ्यावी. रेबीजची लस पुढे दरवर्षी द्यावी आणि कार्ड घरात जपून ठेवावे. कारवानीला शस्त्रक्रियेची वेळ आल्यास जात आधी सांगावी. अंगावर चरबी कमी असल्याने काही भुलीची औषधे त्याच्या शरीरात फार वेळ टिकतात. कोणालाही कुत्रा चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद वा मिरचीची पूड न भरता त्याच दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्यावी.