दोन शेपटांचा क्षार

सकाळी 7. झरीत डिसेंबरचा गारठा. जिंतूरकडून येणाऱ्या एसटीने परभणीला कॉलेजात जायचं.

10. बाटलीतलं सीटॅब काल निवळशंख होतं, आज तळाशी पांढरे स्फटिक. सीटॅब म्हणजे चार हात असलेला अमोनियम क्षार. नायट्रोजनवर धन प्रभार, तीन हात आखूड मिथाइलचे, चौथा 16 कार्बनांचं शेपूट. साधारण 25 अंशांखाली ही शेपटं एकमेकांना चिकटून थिजतात. बाटली कोमट पाण्यात ठेवली, की पुन्हा विरघळतं. थंडीतलं पहिलं काम हेच.

11.30. भूगर्भशास्त्र विभागाचा, खडक बघायचा पोलरायझिंग मायक्रोस्कोप मागून आणला. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये कोरडी पूड, कडेला पाण्याचा थेंब. तापवता येणाऱ्या स्टेजवर साधारण 70 अंश. पाणी आत शिरतं तसे पट्टे उमटत जातात. पाण्याच्या बाजूने आधी रंगीत पंखाकृती नक्षी. इथे रेणूंच्या लांबट नळ्या उसाच्या मोळीगत शेजारी-शेजारी बसलेल्या असतात. पुढे अरुंद काळा पट्टा. ही घनीय मांडणी सगळ्या दिशांना सारखी, म्हणून प्रकाश अडतो. पुडीजवळ पुन्हा उजेड, तिथे सपाट थर. एका थेंबात पाणी कमी होत जाईल तशी मांडणी कशी बदलते ते दिसतं. हे बघताना जेवणाची आठवण राहत नाही.

2. एम.एस्सी.चा तास. इस्रायलाचविली, मिचेल आणि निनहॅम यांनी 1976 मध्ये मांडलेलं गुणोत्तर: शेपटाचं आकारमान भागिले डोक्याचं क्षेत्रफळ आणि शेपटाची लांबी यांचा गुणाकार. एक-तृतीयांशाच्या आत गोळे, अर्ध्यापर्यंत नळ्या, एकच्या जवळ थर.

3.30. तेच फळ्यावर न ठेवता मुलांना दाखवायचं. आता दोन शेपटांचा क्षार, प्रत्येक शेपूट 12 कार्बनांचं. डोकं जवळपास तेच, पण मागे गर्दी दुप्पट. पाणी लागताच थरच थर, मोळी कुठेच नाही. फक्त एक शेपूट वाढलं!

5. एका मुलीने नेमकं विचारलं, "सर, केसांच्या कंडिशनरमध्ये तर एकाच शेपटाचा क्षार असतो, मग तो घट्ट कसा?" बेहेनट्रिमोनियम क्लोराईडला 22 कार्बनांचं एकच शेपूट, खरंय. पण सोबत सिटाइल अल्कोहोल घालतात. त्याचं डोकं लहान, शेपूट लांब. ते मध्ये घुसतं, धन प्रभारांची आपसातली ढकलाढकली कमी होते आणि थर जमतात.

6.30. परतीच्या एसटीत उद्याचं ठरवलं: सीटॅबमध्ये सिटाइल अल्कोहोल थोडं-थोडं वाढवत न्यायचं आणि कोणत्या प्रमाणाला पंख मावळतात ते त्याच मुलीला टिपायला सांगायचं.