चित्राशेजारचे चार शब्द आपले आपणच लिहावेत

आपल्या समाजातील मुलेमुली आता चित्रकलेकडे वळत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, पाथर्डी-जामखेडपासून अकोले-संगमनेरपर्यंत कोठेही जा. एलिमेंटरी व इंटरमीजिएट ग्रेड परीक्षांना बसणारी, पुढे ए.टी.डी. नाहीतर फाउंडेशनला जाणारी मुले भेटतात. चौदा एप्रिलचा बाबासाहेबांचा फलक रंगवता रंगवता हात वळला, असे सांगणारे जुने पेंटर आपल्या वस्त्यांत आहेतच. डिजिटल फ्लेक्स आले आणि त्यांचा धंदा बसला. पण त्यांच्याच घरातली पोरे आज कॅनव्हासवर काम करीत आहेत.

ही मुले प्रदर्शनाचा, शिष्यवृत्तीचा किंवा मुंबई-पुण्याच्या गॅलरीचा अर्ज आणतात. नाव, पत्ता, शिक्षण, चित्रांचे फोटो, इथपर्यंत गाडी सुरळीत चालते. मग एक रकाना येतो, ‘आर्टिस्ट स्टेटमेंट’. शंभर-दोनशे शब्दांत आपल्या कामाविषयी लिहा. इथे हात अडतो. सहा फुटी कॅनव्हासला न घाबरणारा मुलगा अर्ध्या पानाच्या कागदाला घाबरतो. मग कोणी पुण्यातल्या मित्राला फोन करतो, कोणी दुसऱ्याच्या कॅटलॉगमधला उतारा उतरवून काढतो, आणि अलीकडे तर मोबाईललाच सांगून इंग्रजीत लिहून घेतले जाते.

असे काही कागद आमच्या पाहण्यात आले. भाषा झकपक, पण सगळे एका साच्यातले. ‘माझी कला मानवी अस्तित्वाच्या अमूर्त जाणिवांचा शोध घेते.’ आता हे वाक्य जामखेडच्या मुलालाही लागू पडेल आणि जर्मनीच्या मुलालाही. दोघांनाही सारखेच लागू पडते, याचा अर्थ ते दोघांविषयीही काहीच सांगत नाही. निवड करणाऱ्या मंडळींसमोर असे शेकडो कागद येतात. ते पहिल्या ओळीलाच पान उलटतात, यात त्यांना दोष तरी कसा द्यावा?

काही तरुण म्हणतात, चित्र बोलते, मग आम्ही कशाला बोलायचे? ज्याच्याविषयी पिढ्यानपिढ्या चांगलेच लिहिले गेले, त्याने असे म्हणावे. आपल्याला ते परवडणारे नाही. आपण लिहिले नाही तर रकाना रिकामा राहत नाही. दुसरा कोणीतरी तो भरतो. संगमनेर तालुक्यातील हिवरगावची पवळा घ्या. महार समाजात जन्मलेली ही स्त्री तमाशाच्या फडावर उभी राहिली आणि तिने महाराष्ट्र गाजवला. आज ती कोठे भेटते? पठ्ठे बापूरावांच्या चरित्रात, त्यांच्या नावाच्या चित्रपटात, लोकांच्या तोंडच्या किश्शांत. तिच्या रूपावर बोलणारे पुष्कळ. पण ती कशी शिकली, पायातल्या चाळांविषयी आणि समोरच्या गर्दीविषयी तिला स्वतःला काय वाटत होते, हे तिच्या शब्दांत सांगणारा एक कागद आमच्या पाहण्यात नाही. तिला लिहिण्याची संधीच नव्हती. आजच्या मुलींना ती आहे.

या स्टेटमेंटला मराठीत काय म्हणावे, हाही एक प्रश्न आहे. निवेदन म्हणावे, तर आपल्याकडे निवेदन म्हणजे मोर्चाच्या शेवटी तहसीलदाराच्या हातात द्यायचा कागद. भूमिका हा शब्द भारदस्त आहे, पण तो ऐकला की मुलगा एकदम भाषणाला उभा राहतो. आम्हाला ‘मनोगत’ हा शब्द बरा वाटतो. तो साधा आहे आणि त्याच्यामागे मोठी परंपरा आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला, त्यातल्या बाबासाहेबांच्या पहिल्या अग्रलेखाचे नाव ‘मनोगत’ हेच होते.

तो अग्रलेख ज्यांनी वाचला नसेल त्यांनी मिळवून वाचावा, आणि चित्रकारांनी तर जरूर वाचावा. इतकी पत्रे असताना आणखी एक पत्र कशासाठी, या प्रश्नाला बाबासाहेबांनी त्यात सरळ उत्तर दिले आहे. आणि ते देताना डोळ्यांसमोर एक मनोरा उभा केला आहे. मजल्यावर मजले आहेत पण जिना नाही. ज्याने ज्या मजल्यावर जन्मावे त्याने तिथेच मरावे. शंभर वर्षे उलटून गेली तरी लेखातला तपशील विसरणाऱ्यालाही मनोरा आठवतो. हे काम का करतो आहे ते सांगायचे, आणि वाचणाऱ्याला दिसेल अशा एका वस्तूच्या आधाराने सांगायचे. चांगल्या मनोगतात याहून फार काही लागत नाही.

त्याच जातिव्यवस्थेची रचना चित्र-शिल्पाच्या क्षेत्रात प्रभाकर कांबळे यांनी वेगळ्या वस्तूतून दाखवली. त्यांच्या कामाचे नाव ‘उतरंड’. २०२२ साली ते बर्लिनच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात मांडले गेले. मडक्यावर मडके रचलेली उतरंड आपल्या प्रत्येक घराने पाहिलेली; सर्वांत खालच्या मडक्यावर सगळ्यांचे ओझे. परदेशात नेतानाही त्यांनी नाव मराठीच ठेवले. नावातच अर्धे मनोगत होऊन गेले.

आपल्या जिल्ह्यातले उदाहरण हवे असेल तर ते अकोले तालुक्यात आहे. धामणगावचे दया पवार. त्यांचे ‘बलुतं’ १९७८ साली ग्रंथालीने काढले. ते चित्रकार नव्हते, पण ‘मी कोण बोलतो आहे’ हे कसे सांगावे याचा धडा त्यांच्याकडून घ्यावा. पवारांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. पुस्तकात दगडू आपली कहाणी सांगतो आणि दया ती ऐकतो. माणूस एकच. एक महारवाड्यातला, दुसरा शहरात स्थिरावलेला, लिहितावाचता झालेला. मी फार सोसले, असे नुसते म्हणून ते थांबले नाहीत. जो बोलतो त्याला आणि जो ऐकतो त्यालाही त्यांनी वाचकासमोर आणून बसवले. शिवाय पुस्तकाचे नाव गावकीच्या व्यवहारातले उचलले. बलुतं म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्याला विचारावे लागते, आणि विचारले की सगळा गावगाडा कळतो.

आपला मुलगा लिहायला बसला की नेमके उलटे करतो. दगडूला बाहेर ठेवतो आणि दयालाही नाही, तर कोणा तिसऱ्याच प्राध्यापकाला बोलायला लावतो.

समजा, पाथर्डी तालुक्यातला एक तरुण आहे. आईवडील ऊसतोडीला जातात. त्याने लिहिले, ‘माझ्या चित्रांतून शोषित-पीडितांच्या वेदनेचा हुंकार प्रकट होतो.’ खोटे काही नाही. पण यात चित्र कोठे आहे? त्याला आपण विचारावे, बाबा रे, तू काढतोस कशावर? काळा-करडा रंग का वापरतोस? माणसांना चेहरे का नाहीत? तो बोलू लागला की लिहून घ्यावे. मग साधारण असे काही हाती येईल:

‘मी साखरेच्या जुन्या तागाच्या पोत्यांवर चित्रे काढतो. करडा रंग जळलेल्या पाचटाच्या राखेत डिंक घालून करतो. माझे आईवडील मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यावर जात. दिवाळी झाली की गाव रिकामे होई आणि आमचा वर्ग अर्धा. मी आजीजवळ राहत असे. गाडी निघताना मला त्यांच्या पाठी दिसत, म्हणून माझ्या चित्रांतली माणसे पाठमोरी आहेत. पोत्यावरचा कारखान्याचा छाप मी पुसत नाही.’

यात शोषण हा शब्द नाही, वेदना नाही, हुंकार तर नाहीच. पण वाचणारा उठून चित्राकडे जाईल आणि पोत्यावरचा छाप शोधील. मनोगताने एवढे काम केले तरी पुरे. चित्र पाहून काय वाटावे हे आपण पाहणाऱ्याला सांगायचे नसते. त्याला बरोबर ठिकाणी उभे करायचे असते.

साठ चित्रांसाठी साठ साधी वाक्ये लिहिणारा एक चित्रकार अमेरिकेत होऊन गेला. ज्या कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लॅक पँथर’वरून १९७२ साली आपल्याकडे दलित पँथरचे नाव पडले, त्यांच्यातलाच जेकब लॉरेन्स. दक्षिणेतल्या वंशद्वेषाला आणि उपासमारीला कंटाळून लाखो कृष्णवर्णीय उत्तरेच्या शहरांकडे निघाले, त्या स्थलांतरावर त्याने १९४०-४१ मध्ये साठ चित्रांची मालिका केली. तेव्हा तो अवघा तेविशीचा होता. त्याने आधी ग्रंथालयात बसून माहिती जमवली, प्रत्येक चित्राची ओळ लिहिली, त्या कामी चित्रकार असलेल्या ग्वेंडोलिन नाइट या त्याच्या सहचारिणीची मदत घेतली, आणि मग रंगाला हात घातला. ओळी बातमीसारख्या कोरड्या. कोण निघाले, का निघाले, काय महागले, कोणाला पकडले. आज ती चित्रे न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनच्या संग्रहालयांत अर्धी-अर्धी वाटली गेली आहेत.

आता एक नाजूक प्रश्न. मनोगतात आपली जात, आपला धम्म लिहावा की नाही? तरुण हे आम्हाला हळू आवाजात विचारतात. लिहिले तर ‘दलित चित्रकार’ अशी पट्टी लागते आणि मग निसर्गचित्र काढले तरी त्यात लोक अत्याचार शोधतात. नाही लिहिले तर आपणच आपल्याला लपवले असे वाटते. आमचे मत असे की, चित्राला गरज असेल तिथे स्वच्छ लिहावे आणि दबकत लिहू नये. नागपूरचे सावी सावरकर यांच्या चित्रांत गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला माणूस येतो. ते कोणत्या व्यवस्थेबद्दल बोलतात हे आडून सांगण्याचे कारणच उरत नाही. पण जो प्रवरेकाठच्या बाभळी रंगवतो आहे, त्याने केवळ निवड समितीला बरे वाटावे म्हणून दुःख चिकटवू नये. दयेवर मिळालेली भिंत आपल्याला नको. आणि बाभळी रंगवण्याचा हक्कही आपलाच आहे, हे ठणकावून सांगायलाही कोणी तरी हवेच.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. आईच्या, आजीच्या हातची वाकळ, गोधडी पाहून त्या टाक्यांतून चित्र करणाऱ्या मुली आहेत. त्या मनोगतात ‘पारंपरिक वस्त्रकला’ असे लिहून मोकळ्या होतात. टाका कोणी शिकवला? जुने लुगडे कोणाचे? ते लिहा. आईला सही करता येत नसेल, पण कॅटलॉगमध्ये तिचे नाव तुमच्यामुळे छापले जाईल.

इंग्रजीचा बाऊ करू नका. अर्ज इंग्रजीत असला तरी पहिला खर्डा मराठीतच करावा, तोही आपल्या घरच्या मराठीत. मग इंग्रजी येणाऱ्या कोणाकडून सरळ भाषांतर करून घ्यावे आणि शेजारी बसून प्रत्येक वाक्याचा अर्थ विचारावा. जे आपल्याला समजत नाही ते आपल्या नावाखाली जाऊ देऊ नये. मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतो. उचल, कोपी, वाकळ हे शब्द तसेच ठेवून पुढे चार शब्दांत अर्थ द्यावा. मोबाईलवरून भाषांतराला मदत घेण्यास हरकत नाही. पण तुमच्या आजीचे घर त्या यंत्राने पाहिलेले नाही.

बक्षिसे, पदव्या, प्रदर्शनांची यादी बायोडाटात जाते. तिला मनोगतात जागा देऊ नये. शंभर शब्द मागितले असतील तर शंभरच द्यावेत. प्रत्येक चित्राखाली नाव, माध्यम, आकार आणि वर्ष लिहावे. ‘शीर्षकहीन’ लिहिण्याची फॅशन आहे, पण नाव सुचत असताना ती कशाला करायची?

लिहून झाले की घरात मोठ्याने वाचावे. आईला, शेजारच्या काकांना, धाकट्या भावाला. जिथे ते ‘म्हणजे काय रे?’ म्हणतील, तिथे खूण करावी आणि ते वाक्य बदलावे. घरातल्या वडीलधाऱ्यांनीही त्या वेळी टीव्ही बंद करून ऐकावे. पोरगा पोत्यावर काय रेघोट्या ओढतो हे कित्येक घरांत अजून कोणी विचारलेलेच नसते.

हा कागद एकदा लिहिला की जन्मभर चालत नाही. चित्रांची मालिका बदलली की मनोगत नव्याने लिहावे. जुने फाडू नये. खाली तारीख घालून एक प्रत शाळेच्या दाखल्यांच्या फाईलमध्ये लावून ठेवावी.