निपाणीत वाजणारं गाणं दुबईत का अडतं?

निपाणी : कागल मागे पडलं, दूधगंगेचा पूल ओलांडला की कर्नाटक सुरू होतं. कोगनोळी नाक्यापर्यंत पाट्यांची भाषा बदललेली असते. मोबाईलवर लावलेलं मराठी गाणं मात्र मध्येच थांबत नाही. पण याच निपाणी-बेळगावचा मुलगा नोकरीसाठी दुबईला किंवा लंडनला गेला की त्याच्या यादीतल्या काही गाण्यांची नावं पुसट दिसू लागतात. बोट लावलं तर सूचना येते, हे गाणं तुमच्या देशात उपलब्ध नाही.

सीमाभागातल्या माणसाला अडवणूक नवी नाही. त्यामुळे ॲपवर एखादं गाणं सापडलं नाही की 'आपण कर्नाटकात आहोत म्हणून असेल' अशी शंका पहिल्यांदा येते. ती खरी नाही. मग गाणं नेमकं अडतं कुठे?

परवाना देशाचा, राज्याचा नाही

स्पॉटिफाय, जिओसावनसारखी ॲप गाण्यांची मालक नसतात. ती कंपन्यांकडून गाणी वाजवण्याचा परवाना घेतात, आणि हे परवाने साधारणपणे देशानुसार ठरतात. संपूर्ण भारत हा एकच विभाग. म्हणजे कोल्हापुरात जे गाणं मिळतं तेच बेळगावातही मिळतं. फरक पडतो तो सुचवल्या जाणाऱ्या गाण्यांत. ॲपमध्ये भाषा निवडताना मराठीवर खूण केली नसेल, तर समोर दुसऱ्याच भाषेची गाणी येत राहतात. हा परवान्याचा प्रश्न नाही, सेटिंगचा आहे.

देश बदलला की गणित बदलतं. एखाद्या कंपनीकडे गाण्याचे हक्क फक्त भारतापुरते असू शकतात. परदेशातले हक्क दुसऱ्याच कंपनीकडे असतील किंवा तिथला करारच झालेला नसेल, तर ॲपला ते गाणं तिथे बंद ठेवावं लागतं.

एका गाण्याचे हक्कदार अनेक

गाणं एकच असलं तरी हक्क वेगवेगळे असतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क बहुतेक वेळा कंपनीकडे, शब्दांचा आणि चालीचा हक्क वेगळा. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो.

'गीतरामायण'चं उदाहरण घ्या. ते १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालं. गदिमांचं निधन १९७७ चं, म्हणून त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, त्यामुळे चालींवरचा हक्क २०६२ अखेरपर्यंत. म्हणजे जुनं ध्वनिमुद्रण मोकळं झालं तरी गाणं पूर्ण मोकळं होत नाही. शिवाय प्रत्येक देशाचे हे नियम वेगळे.

रेडिओला जमलं, ॲपला का नाही?

सांगली आकाशवाणी १९६३ मध्ये सुरू झाली. तिची मराठी गाणी निपाणीच्या घरांत ऐकायला कुणाला देश-राज्य विचारावं लागलं नाही. लहरी सीमा मानत नाहीत. पुढे २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात कलम ३१ ड आलं. ठरलेला मोबदला देऊन रेडिओ-टीव्हीला गाणी वाजवण्याची सोय त्यातून झाली. कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही.

हीच सोय ऑनलाइन ॲपलाही आहे का, हा वाद टिप्स आणि विंक यांच्यात मुंबई उच्च न्यायालयात गेला. एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितलं, हे कलम इंटरनेटवरच्या सेवेला लागू नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठानेही तेच कायम केलं. थोडक्यात, ॲपला प्रत्येक कंपनीशी वेगळा करार करावाच लागतो आणि बोलणी फिसकटली की गाणी जातात.

तसं घडलंही आहे. स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आलं. त्याच वर्षी सारेगमची, म्हणजे जुन्या एचएमव्हीची गाणी त्यावरून गेली. जुन्या मराठी गाण्यांचा मोठा साठा याच कंपनीकडे. २०२० मध्ये करार झाला तेव्हा ती परत आली.

डाउनलोड म्हणजे खरेदी नव्हे

ॲपमध्ये उतरवून घेतलेलं गाणं आपलं झालं, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ते भाड्याचं घर. रेसो जानेवारी २०२४ मध्ये भारतात बंद झालं, विंक म्युझिकनेही त्याच वर्षी गाशा गुंडाळला. ॲप गेलं की त्यात उतरवलेली गाणीही गेली.

परदेशी जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. स्पॉटिफायचं मोफत खातं दुसऱ्या देशात १४ दिवसच चालतं, नंतर खात्यातला देश बदलावा लागतो. यादीतलं गाणं पुसट झालं तर तेच गाणं दुसऱ्या अल्बममध्ये किंवा संग्रहात शोधून पाहावं. अनेकदा तिथल्या प्रतीचा परवाना वेगळा असतो. जिवाभावाची गाणी असतील तर सीडी किंवा विकत घेतलेली फाइल जपून ठेवलेली बरी.

आपल्या कलाकारांनी काय करावं?

सीमाभागातली भजनी मंडळं आणि गणेशोत्सवाची गाणी करणारे तरुण आता स्वतःच गाणी ॲपवर चढवतात. वितरकाचा फॉर्म भरताना कोणकोणत्या देशांत गाणं द्यायचं हे विचारलं जातं. तिथे फक्त भारत निवडला तर आखातातला गाववाला ते ऐकू शकणार नाही. गाणं स्वतःचं असेल तर 'सर्व देश' निवडावं. गीतकार आणि संगीतकाराची लेखी संमती आधी घ्यावी. दोघांनी आयपीआरएस या संस्थेचं सभासद व्हावं, म्हणजे मानधनाचा वाटा मिळण्याची वाट मोकळी होते. दुसऱ्याची चाल उचलून नवे शब्द बसवले असतील तर परवानगीशिवाय चढवू नये, तक्रार आली की गाणं उतरतं.

मोठ्या कंपन्यांचे करार निपाणी-बेळगावात बसून बदलता येत नाहीत. पण आपल्या गावात तयार झालेलं गाणं कुठवर पोहोचवायचं, ते फॉर्ममधल्या एका खुणेवर ठरतं. ती खूण आपल्या हातात आहे.