पोरगा लांब मारतो, तरी बाकावरच का? सॉफ्टबॉल संघात जागा मिळते ती कशावर

शालेय स्पर्धांचा हंगाम आला की सॉफ्टबॉलच्या मैदानाबाहेर एक वाद ठरलेला असतो. सामना संपला की कुणाचे तरी वडील सरांना गाठतात. "आमचा पोरगा एवढा लांब मारतो आणि तुम्ही त्याला बसवून ठेवला?" सर काहीतरी सांगतात, वडिलांना ते पटत नाही. मग गावाकडं परत येताना गाडीत वशिल्याची चर्चा रंगते. वशिला कुठंच चालत नाही असं नाही. पण बऱ्याच वेळा खरं कारण खेळातच असतं, आणि क्रिकेट बघून वाढलेल्या माणसाच्या ते चटकन लक्षात येत नाही.

हा प्रश्न साधा नाही. दहावी-बारावीचे खेळाचे वाढीव गुण असोत की सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, सगळं स्पर्धेच्या पातळीवर आणि प्रमाणपत्रावर अवलंबून. जिल्ह्याच्या पुढं विभाग, मग राज्य. बाकावर बसलेल्या पोराकडं पुढच्या निवडीत कुणाचं लक्ष जाणार?

आता हिशेब बघा. मैदानात नऊ खेळाडू, सामना सात इनिंगचा, दर इनिंगला समोरचे तिघं बाद करायचे. म्हणजे पूर्ण सामन्यात २१ जण बाद करावे लागतात. याउलट एका पोराच्या वाट्याला बॅटिंग येते तीन, फार तर चार वेळा. त्यातही दहापैकी तीनदा हिट मारून बेस गाठणारा चांगला बॅटर मानला जातो. सात वेळा फसला तरी कुणी काही म्हणत नाही. फिल्डिंगला ही सूट नाही. शॉर्टस्टॉपच्या पोरानं दहातले तीन सोपे बॉल सोडले, तर सामना हातचा गेलाच समजा.

बेसमधलं अंतर ६० फूट, म्हणजे सव्वाअठरा मीटरच्या आसपास. चपळ पोरगी तेवढं साधारण तीन सेकंदांत पळते. तेवढ्यात जमिनीवरून आलेला बॉल ग्लोव्हमध्ये घ्यायचा, हातात काढायचा आणि फर्स्ट बेसला नीट फेकायचा. एकदा बॉल हातातून निसटला की समोरची बेसवर पोचलीच. शाळेच्या सामन्यांत जे रन होतात, त्यातले कितीतरी लांब फटक्यांमुळं नव्हे, तर अशा सांडलेल्या आणि भलतीकडं फेकलेल्या बॉलमुळं होतात. मैदानाच्या कडेला उभं राहून कुणीही मोजून बघावं.

टेनिस बॉल क्रिकेटमधून आलेल्या पोरांची अडचण इथंच होते. उंच उडवायची सवय असते, आणि उंच उडालेला बॉल म्हणजे समोरच्याला आयता झेल. शिवाय उजव्या हातानं फेकणाऱ्याला ग्लोव्ह डाव्या हातात घालावा लागतो. उघड्या हातानं झेल घेणाऱ्या पोराला हे सुरुवातीला फार अवघड जातं.

मग बॅटिंगला किंमत नाही का? आहे, आणि भरपूर आहे. फक्त ती जागेप्रमाणं बदलते. पिचर, कॅचर, शॉर्टस्टॉप आणि सेंटर फिल्ड इथं आधी हात बघतात, बॅट नंतर. फर्स्ट बेस किंवा लेफ्ट फिल्डला जरा जड पण मारणारा पोरगा चालून जातो. चांगली फिल्डिंग करणारे आठ-नऊ जण हाताशी असले, की त्यांच्यात निवड बॅटवरच होते. म्हणून राज्याच्या संघात नुसत्या फिल्डिंगवर टिकणं अवघड. गावपातळीवर मात्र आधी फिल्डिंग, हेच खरं.

नियमांतही एक सोय आहे. डेझिग्नेटेड प्लेअर, म्हणजे डीपी, हा दुसऱ्याच्या बदली बॅटिंग करतो. ज्याच्या बदली तो खेळतो त्याला फ्लेक्स म्हणतात. फ्लेक्सचं नाव यादीत दहावं असतं आणि तो फिल्डिंग सांभाळतो. शिवाय सुरुवातीच्या यादीतला खेळाडू बाहेर गेला तरी एकदा परत येऊ शकतो. म्हणजे नुसता मारणारा पोरगाही बसू शकतो, पण अशी जागा संघात एकच.

मोठ्या स्पर्धेतलं उदाहरण टोकियो ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्याचं. २७ जुलै २०२१, योकोहामा, जपान विरुद्ध अमेरिका. सहाव्या इनिंगमध्ये जपान २-० पुढं, पण अमेरिकेच्या रनर बेसवर. बॅटरनं सणसणीत फटका मारला. तो थर्ड बेसवरच्या यू यामामोतोच्या हाताला लागून उडाला. शॉर्टस्टॉप माना अत्सुमीनं तो जमिनीवर पडायच्या आत पकडला आणि लगेच सेकंड बेसला फेकला. एका फटक्यात दोघी बाद. सामना २-० नंच संपला, सुवर्णपदक जपानचं. चौथ्या इनिंगमधला पहिला रनसुद्धा याच अत्सुमीच्या हिटवर आला होता, आणि तो काही लांबचा फटका नव्हता. बॉल इनफिल्डमध्येच राहिला, ती पळून बेसवर पोचली.

घरी सरावाला फार काही लागत नाही. खळ्याजवळची किंवा शाळेची भिंत आणि एक टेनिस बॉल. वाकून भिंतीवर मारायचा, परत येणारा बॉल छातीसमोर नाही, गुडघ्याखाली घ्यायचा. रोज शंभर वेळा. दोरीनं ६० फूट मोजून दगड ठेवायचा आणि भावाला तिथं उभं करून फेकायचा. बॅटसाठी झाडाला जुना टायर टांगा, आणि लांब मारण्याआधी बंट शिका. सरांना ज्या वेळी एकच रन हवा असतो, त्या वेळी बंट येणाऱ्या पोरालाच हाक मारतात.

पालकांनी सरांना भेटायला हरकत नाही. फक्त "का बसवला" असं न विचारता "कोणत्या जागेसाठी तयार करू" असं विचारावं. नऊ जागांपैकी कॅचरची जागा बहुतेक शाळांत रिकामी असते, कारण तिथं उकिडवं बसायचा आणि बॉल अंगावर घ्यायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो.